एकाच डॉक्टरला हाताशी धरून व्हेरिकोज व्हेन्स शिकवायच्या तर

व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांच्या उपचाराच्या, दोन दिवसांच्या कार्यशाळा आता आमच्या नागपुरातही होतात. सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये भाषणं, दुपारी पडद्यावर थेट ऑपरेशन, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि फोटो. तिथून परतलेला सर्जन थोड्याच दिवसांत शीर आतून तापवून बंद करायचं मशीन हप्त्यावर घेतो आणि एका रविवारी रात्री फोन करतो, "मॅडम, उद्या पहिली केस लावलीय, येता का?" जायला माझी ना नसते. पण उभ्या माणसाच्या पायावर अल्ट्रासाउंडचा प्रोब धरून ज्याने जांघेपासून घोट्यापर्यंत शीर कधी पाहिलीच नाही, त्याच्या शेजारी उभं राहून मी करणार काय? शेवटी त्याला माझ्याकडे बोलावून केस मी करते, तो बघतो. म्हणजे पुन्हा कार्यशाळाच झाली, फक्त जेवण घरचं.

हे लिहितेय ते शिरांचं काम बरीच वर्षं करणाऱ्या आणि आता चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळकडच्या एखाद्या सर्जनला किंवा सिस्टरला शिकवायला निघालेल्या डॉक्टरांसाठी. एका वेळी एकच माणूस घ्या. दोघं घेतलेत की एक करतो आणि दुसरा करणाऱ्याकडे बघत बसतो. शिवाय अल्ट्रासाउंडच्या पडद्यासमोर दोन खुर्च्या मावतात, तीन नाही.

कोणाला घ्यायचं

"मला लेझर शिकायचंय" म्हणत येणाऱ्याला मी चहा पाजते आणि थोडं थांबवते. "माझ्याकडे घोट्याच्या जखमांचे पेशंट येतात, वर्षानुवर्षं नुसतं ड्रेसिंग चाललंय, काय करू?" असं विचारत येणाऱ्याला लगेच घेते. त्याच्याकडे पेशंटही आहेत आणि प्रश्नही. तो सर्जनच हवा असं काही नाही. रेडिओलॉजिस्ट चालतो, त्वचारोगतज्ज्ञ चालतो. मात्र त्याच्या दवाखान्यातली ड्रेसिंग करणारी सिस्टर दाबाची पट्टी शिकायच्या दिवसांत सोबत आलीच पाहिजे, ही माझी अट. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर येतात-जातात, सिस्टर तीच राहते.

पैशांचं पहिल्याच भेटीत बोलून टाका. फी घ्यायची तर शिकवण्याची घ्या, पावती द्या. "तुम्ही शिकवा, मी केसेस पाठवत जाईन" किंवा "दर केसमागे इतके देतो" हा शेवटी कट-कमिशनचाच प्रकार. नीतीचं सोडा, त्याने शिकवणंसुद्धा बिघडतं. ज्याच्या केसमागे आपल्याला पैसे मिळतात त्याला "ही केस करू नकोस" म्हणताना जीभ जड होते, आणि या कामात तेच वाक्य सगळ्यात जास्त वेळा म्हणावं लागतं.

मग कागद. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा १९९४ चा, पण शिरांची कार्यशाळा करून आलेल्या कित्येकांना तो फक्त गायनॅकवाल्यांचा वाटतो. फॉर्म एफ गर्भवतींसाठी असतो हे खरं. अल्ट्रासाउंड मशीनची नोंदणी मात्र तुम्ही पाय बघा नाहीतर पोट, लागतेच. मशीन कुठे आहे आणि ते कोण हाताळतंय, दोन्ही नोंदणीत असावं लागतं. तेव्हा शिकणाऱ्याचं नाव तुमच्या केंद्रावर लागेपर्यंत त्याने तुमच्या प्रोबला हात लावायचा नाही. त्याची पात्रता कशी धरतात, कोणते कागद लागतात हे तुमच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. ओळखीवर, तोंडी परवानगीवर भागवू नका. मशीनला सील लागलं की तुमचे आणि त्याचे, दोघांचेही पेशंट घरी बसतात. या कागदांना वेळ लागतो. तोवर त्याला बघू द्या आणि कागदावर काढू द्या, ते दिवस वाया जात नाहीत.

पेशंटची परवानगीही वेगळी घ्या. "हे डॉक्टर शिकायला आलेत, आधी ते बघतील, मग मी बघेन, वेळ दुप्पट लागेल, चालेल का?" असं सरळ विचारलं की आमच्याकडची माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. कुणी म्हणालं, तर शिकणाऱ्याने खोलीबाहेर जायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही.

प्रोब आणि दोन कागद

आता मुख्य काम. माझ्याकडे शिकायला आलेल्याचा बहुतेक वेळ यातच जातो, आणि सुरुवातीला तो कंटाळतो. कंटाळू द्या.

पेशंट उभा हवा. झोपवलेल्या पायात शिरा रिकाम्या होतात आणि रक्त उलटं येतंय की नाही ते नीट कळत नाही. माझ्या खोलीत एक रुंद, दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल आहे, भिंतीला धरायला दांडा आहे. पेशंटने स्टुलावर उभं राहायचं, भार दुसऱ्या पायावर टाकायचा, बघायचा पाय गुडघ्यात किंचित वाकवून बाहेर वळवायचा. भार त्याच पायावर असेल तर पोटरी आवळलेली राहते आणि दाबून काही उपयोग होत नाही. एसी बंद, कारण गारठ्यात शिरा आक्रसतात. शेजारी खुर्ची हवीच. उपाशीपोटी आलेला माणूस थोडा वेळ उभा राहिला की घेरी येते, आणि शिकणारा पडद्यात इतका बुडालेला असतो की पेशंटच्या कपाळावरचा घाम त्याला दिसत नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून सवय लावते: दर थोड्या वेळाने मान वर करायची आणि पेशंटशी बोलायचं.

सुरुवात जांघेपासून. लिनियर प्रोब आडवा धरला की मिकी माउसचं तोंड दिसतं: मोठी खोल शीर म्हणजे चेहरा, बाहेरच्या बाजूचा कान धमनी, आतल्या बाजूचा कान ग्रेट सॅफेनस, म्हणजे पायाच्या आतल्या बाजूने वर येणारी मोठी वरवरची शीर. आधी खोल शीर दाबून बघायची, दबली तर आत गुठळी नाही. मग सॅफेनसचा माग काढत खाली यायचं. मांडीत ती दोन पडद्यांच्या मध्ये डोळ्यातल्या बुबुळासारखी बसलेली दिसते. त्या डोळ्यातून बाहेर पडून कातडीखाली आली की ती सॅफेनस नव्हे, फांदी. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. मांडीवर वेटोळी फुगलेली फांदी दिसली की तिलाच ते सॅफेनस म्हणतात, आणि पुढे शिरेत घालायची बारीक नळी, कॅथेटर, त्या वेटोळ्यात अडकला की नवल करतात. पुढच्या बाजूची उपशाखा तर हमखास सुटते. ती प्रोबवर मांडीच्या धमनी आणि खोल शिरेच्या बरोबर वर, त्याच रेषेत दिसते. ऑपरेशननंतर पुन्हा शिरा फुगून आलेले कितीतरी पाय हिच्यामुळे आलेले असतात.

उलट्या प्रवाहासाठी डाव्या हाताने पोटरी दाबायची आणि झटकन सोडायची. वरवरच्या शिरेत सोडल्यावर अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त उलटं आलं तर झडप गेली असं धरायचं. मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरेत एक सेकंद. पडद्यावर प्रवाह रंगात दाखवणारी कलरची स्केल खाली आणायला विसरले तर इथला संथ प्रवाह दिसतच नाही, आणि मग "रिफ्लक्स नाही" असा बिनधास्त रिपोर्ट निघतो. दाबणं हेसुद्धा शिकवावं लागतं. काहीजण पोटरीला चिमटा घेतात. तळव्याने सगळी पोटरी कवेत घेऊन पिळायची. मी त्यांना माझी पोटरी दाबायला लावते. दुखलं तर सांगते.

यात माझे हात कुठे? पहिल्या दोन-तीन पायांवर शिकणाऱ्याच्या हातावर माझा हात. त्यानंतर पाठीमागे, एकमेकांत अडकवलेले. प्रोब हिसकावून घ्यायचा मोह दर पायाला होतो.

आता दोन कागद. शिकणाऱ्याने पूर्ण पाय एकट्याने बघायचा आणि पायाच्या छापील रेखाकृतीवर पेन्सिलीने नकाशा काढायचा. त्यावर खोल शिरा मोकळ्या आहेत का, सॅफेनसचा उलटा प्रवाह कुठून कुठपर्यंत आहे, मांडीच्या मध्यावर तिची रुंदी किती, फांद्या कुठे फुटतात, गुडघ्यामागची लहान सॅफेनस नेमकी कुठे खोल शिरेला मिळते हे सगळं यायला हवं. ती लहान सॅफेनस दर पायात वेगळ्या उंचीवर मिळते, कधी मिळतच नाही आणि तशीच मांडीत चढते. त्यामुळे अंदाजपंचे लिहिलेलं लगेच पकडता येतं. छिद्रक शिरा, म्हणजे वरवरच्या शिरा खोल शिरांना जोडणारी, प्रत्येक दिसली म्हणून काढायची नाही. साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, बाहेरच्या दिशेने अर्धा सेकंद तरी वाहणारी, आणि भरलेल्या किंवा उघड्या जखमेच्या खाली असलेली, तीच महत्त्वाची.

कागद पालथा घालायचा. पेशंटला बसवून पाणी द्यायचं. मग तोच पाय मी बघायचा, त्याचा कागद न बघता, आणि माझा नकाशा काढायचा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बोलायला फार काही उरत नाही. जिथे रेषा जुळत नाहीत तिथे पुन्हा प्रोब, आणि या वेळी प्रोब त्याच्या हातात. कधीकधी चुकलेला कागद माझा असतो आणि शिकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. हे सगळे कागद तारीख घालून फाईलला लावा. पुढे कधी शिकवायचं थांबवावं हे ठरवताना याच फाईलचा उपयोग होतो: सलग बऱ्याच पायांवर दोघांचे नकाशे उपचार बदलण्याइतके वेगळे नाहीत, असं दिसेपर्यंत ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) विषय मी काढत नाही.

कोणत्या पायाला हात लावायचा नाही

"उभं रायलं का पाय ठणकते जी," हे ओपीडीतलं आमचं रोजचं वाक्य. शेतमजूर, स्वयंपाकाच्या बाया, शाळेतल्या मॅडम, ट्रॅफिक हवालदार, सगळ्यांचं तेच. त्यातले शिरांमुळे दुखणारे किती, हे ओळखायला शिकवणं लेझरहून अवघड आहे. पायावर चार निळ्या रेषा आणि गुडघ्यात झीज, असा पेशंट आला की शिरा बंद करून गुडघा थांबत नाही. पैसे गेले, पाय तेवढाच दुखतो, आणि गावात डॉक्टरचं नाव होतं ते वेगळ्या अर्थाने.

म्हणून मी पेशंट मुद्दाम मिसळून देते, काही सांगत नाही. दोन्ही घोटे सुजलेल्या आजोबांना बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे का, हा प्रश्न शिकणाऱ्याने आपणहून विचारला पाहिजे; ती सूज गोळीची असू शकते. एक पाय जाड, कातडी राठ, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या बुडाशी चिमटीत कातडी धरता येत नाही, तर ती लिम्फची सूज. विदर्भात हत्तीरोगाचे जिल्हे आहेत, हे विसरून चालत नाही. तळव्याची जखम आणि पायाला बधिरपणा असेल तर मधुमेह आणि कुष्ठरोग दोन्ही डोक्यात हवेत; शिरेची जखम बहुधा घोट्याच्या वर आतल्या बाजूला असते, भोवतालची कातडी काळवंडलेली आणि टणक झालेली. तरुण मुलगा, घोट्याजवळ न भरणारी जखम, शिरा फारशा फुगलेल्या नाहीत, गाव गडचिरोलीकडचं, तर आधी सिकलसेलची तपासणी. पुस्तकात ही ओळ कुठेतरी शेवटी असते, आमच्याकडे ती वर घ्यावी लागते. आणि फार जुनी जखम, कडा वर आलेल्या, तर बायोप्सी. त्यात उशीर नको.

शिरांच्या आजाराच्या पायऱ्या सांगणारं सीईएपी वर्गीकरण पाठ असतं सगळ्यांना: सी१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, सी२ फुगलेल्या शिरा, सी३ सूज, सी४ कातडीतले बदल, सी५ भरलेली जखम, सी६ उघडी. पण ते एकदाचं चित्र आहे. उपचाराने फरक पडला का हे कळायला व्हीसीएसएस, म्हणजे आजार किती तीव्र ते मोजणारा तक्ता, भरायला लावा, ० ते ३० गुणांचा. दहा प्रश्न, प्रत्येकाला तीनपर्यंत गुण. ओपीडीत होतो.

पट्टी, आणि मे महिना

हा भाग सिस्टरसोबत. डॉक्टर इथे मोबाईल काढून बसला तर तो खिशात ठेवायला सांगा.

कोणतीही घट्ट पट्टी बांधण्याआधी घोट्याचं प्रेशर मोजायचं. बीपीचा कफ आणि हातात धरायचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, असला की झालं. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर. ०.९ च्या खाली आलं तर धमनीचा आजार धरायचा, ०.५ च्या आसपास किंवा खाली आलं तर घट्ट पट्टी अजिबात नाही, धमनीवाल्याकडे पाठवायचं. जुन्या मधुमेह्यात धमन्या कडक होऊन आकडा १.३ च्याही वर जातो, त्याला उत्तम समजू नका.

पट्टी पायाच्या बोटांच्या बुडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, पाऊल काटकोनात, टाच झाकलेली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर. घोटा बारीक आणि पोटरी जाड, त्यामुळे ताण तोच ठेवला तरी घोट्यावर दाब आपोआप जास्त पडतो. वर जाताना मुद्दाम सैल करावं लागत नाही. टाच उघडी ठेवून वर गच्च बांधलेली पट्टी ही तालुक्याच्या ड्रेसिंगरूममधली नेहमीची गोष्ट. पाऊल सुजून पेशंट दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून टाकतो आणि "सोसत नाही" म्हणतो.

मग शिकणाऱ्याने आणि सिस्टरने एकमेकांच्या पायाला बांधायची आणि दिवसभर तशीच ठेवून काम करायचं. शक्यतो मे महिन्यात. नागपूरचा पारा पंचेचाळिसाला टेकला असताना मांडीपर्यंतचे स्टॉकिंग्ज (दाब देणारे मोजे) घालून ओपीडी केलेला डॉक्टर पुन्हा कधी पेशंटला "घालत का नाही?" म्हणून ओरडत नाही. तो विचारतो, किती तास जमेल? भंडाऱ्या-गोंदियाच्या बाया रोवणीला चिखलात उतरतात; तिथे मोजे चालत नाहीत, तर सकाळी उतरण्याआधी काय आणि घरी आल्यावर काय, हे ठरवून द्यावं लागतं.

स्टॉकिंग्ज चढवायची एक युक्ती सिस्टरच जास्त लवकर उचलतात. बोटं उघडी असणारा मोजा घ्यायचा. पायात गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी घालायची, तिच्यावरून मोजा टाचेपर्यंत सरकवायचा, नीट बसला की पिशवी बोटांकडून ओढून काढायची. बायकांना आधी जोडवी काढायला सांगावं लागतं, नाहीतर पहिल्याच दिवशी महागाचा मोजा फाटतो. जोडवी काढणार नाही म्हणाल्या, तर त्यावर कापडी चिकटपट्टी गुंडाळा. वाद घालू नका.

जखम भरेपर्यंत पट्टी आणि शिरेचं नंतर बघू, हा जुना क्रमही इथेच मोडायचा. २०१८ साली आलेल्या ब्रिटनमधल्या ईव्हीआरए चाचणीत ४५० पेशंट होते. पट्टीसोबत दोन आठवड्यांच्या आत शीर बंद केली त्यांच्या निम्म्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, थांबलेल्यांच्या ८२ दिवसांत. आणि ईएससीएचएआर चाचणीत, २००४, पट्टीसोबत शिरेची शस्त्रक्रिया केलेल्यांत वर्षभरात १२ टक्के जखमा पुन्हा उघडल्या, नुसत्या पट्टीवाल्यांत २८. हे आकडे मी शिकणाऱ्यांना तोंडपाठ करायला लावते, कारण गावातल्या पेशंटचा मुलगा हेच विचारतो: "ऑपरेशन नाही केलं तर?"

सुई हातात देताना

पेशंटच्या आधी स्वयंपाकघर. चायना ग्रास घट्ट शिजवायचा, त्यात थोडं इसबगोल घालायचं म्हणजे पडद्यावर खऱ्या मांसासारखे करडे ठिपके दिसतात. डब्यात पाणी भरलेला लांब फुगा आडवा ठेवून वरून कोमट मिश्रण ओतायचं, फ्रीजमध्ये लावायचं. यावर सुईचं टोक पडद्यावर सतत दिसत ठेवायला शिकायचं. सुईचा दांडा दिसतो आणि टोक हरवलेलं असतं, सगळ्यांचं असंच होतं. टोक हरवलं की सुई पुढे सारायची नाही, प्रोब हलवायचा.

खऱ्या पेशंटवर मी केस उलट्या क्रमाने हाती देते. शीर टोचणं पहिलं असलं तरी शिकण्यात ते शेवटी. आधी शेवटची पट्टी त्याने बांधायची. मग ट्युमेसंट, म्हणजे शिरेभोवती भरायचं भुलीचं पाणी, त्याचं: थंड सलाइनमध्ये लिग्नोकेन, ॲड्रिनॅलिन, सोडाबायकार्ब, वजनावरून लिग्नोकेनचा कमाल डोस सुरू करण्याआधी फळ्यावर लिहिलेला. हे पाणी शिरेच्या भोवती त्या दोन पडद्यांच्या आत भरायचं, शीर कॅथेटरवर आवळली गेली पाहिजे आणि कातडीपासून किमान एक सेंटिमीटर लांब. पाणी कातडीखाली भरलं तर पाय फुगतो, शीर मात्र तिथेच भाजत राहते. इथे एका पायात कितीतरी वेळा सुई घालावी लागते, म्हणून हात यातच तयार होतो.

मग टोकाची जागा. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या (रेडिओलहरींनी तापणाऱ्या) कॅथेटरचं टोक जांघेत सॅफेनस खोल शिरेला मिळते त्या संगमापासून किमान दोन सेंटिमीटर खाली हवं. शिकणाऱ्याने मोजायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा, मी पडद्यावर पाहून "हो" म्हणेपर्यंत बटण दाबायचं नाही. आणि हे ट्युमेसंट भरून झाल्यावर पुन्हा एकदा, कारण पाणी भरताना टोक सरकतं. सात सेंटिमीटरचा तुकडा १२० अंशांवर वीस सेकंद, संगमाजवळचा पहिला तुकडा दोनदा. शीर टोचणं सर्वांत शेवटी, टेबलाचं डोकं वर करून म्हणजे शीर भरते. ट्युमेसंटच्या वेळी डोकं खाली. गुडघ्याच्या खाली सॅफेनस नर्व्ह शिरेला चिकटून चालते आणि लहान सॅफेनसजवळ सुरल नर्व्ह. तिथे किती खाली जायचं हे त्या दिवशीच्या उत्साहावर सोडू नका, आधी नकाशावर रेघ मारून ठेवा.

पेशंट जागा असतो, हे शिकवणाऱ्यालाही लक्षात ठेवावं लागतं. "अरे, तिकडे नको!" ऐकून टेबलावरची मावशी घाबरते. आमचा एकच शब्द ठरलेला आहे, "थांब." थांब म्हणजे हात आहे तिथे स्थिर, सुई मागे घ्यायची नाही, पुढेही नाही. कारण नंतर, चहा पिताना.

फोम, म्हणजे शीर बंद करणारं औषध फेसून टोचणं, स्वस्त, आणि जिथे मशीन परवडत नाही तिथे उपयोगी. म्हणून तो दुय्यम समजून घाईत शिकवू नका. दोन सिरिंज, तीन तोंडी नळ, एक भाग औषध चार भाग हवा, वीसेक वेळा इकडून तिकडे. एका बैठकीत दहा मिलिलिटरच्या पुढे जायचं नाही. टोचल्यावर लगेच घोटा वरखाली करायला लावायचा, आणि डोळ्यांपुढे चमकणं, खोकला, छातीत आवळणं विचारत राहायचं. मायग्रेनचा इतिहास आधी विचारलेला हवा.

आणि एक प्रश्न शिकणारा कधीतरी एकांतात, पार्किंगमध्ये वगैरे विचारतोच: एकदाच वापरायचा कॅथेटर धुऊन पुन्हा वापरला तर? तिथे गुळमुळीत बोलू नका. नाही. पेशंटकडे पैसे नसतील तर फोम आहे, उघड्या पद्धतीचं ऑपरेशन आहे, आणि फुले योजनेत काय बसतं हे आरोग्यमित्राला विचारता येतं.

त्याच्या गावी

त्याच्या पहिल्या केसेस त्याच्याच ओटीत व्हाव्यात, तुमच्या नाही. तुमच्या टेबलाची उंची, तुमची सिस्टर, तुमचा पडदा, यांच्या जिवावर जमलेलं तिथे जमत नाही. मी जाते तेव्हा प्रोबला हात लावत नाही. माझी नोंदणी तिथे नसते, आणि एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच ठिकाणी नोंदणी मिळते. कायद्याने आलेलं हे बंधन शिकवणाऱ्याला मात्र फार सोयीचं आहे: आता हिसकावून घेण्याचा प्रश्नच नाही, तोंडाने सांगावं लागतं. "प्रोब थोडा बाहेरच्या बाजूला कलव" हे नीट सांगता आलं नाही तर शिकवणाऱ्याचं अडतं, शिकणाऱ्याचं नव्हे. म्हणून पहिल्या दिवशीची केस सोपी निवडायला लावा: सरळ सॅफेनस, पाय फार जाड नाही, संगम नीट दिसतो. आणि केस रद्द करायची मुभा तुमच्याकडे आहे हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा, पेशंटच्या नातेवाइकांसमोर नव्हे.

पुढचं फोनवर चालतं. माझे नियम थोडे आहेत. फोटो नको, हलती क्लिप पाठवायची, नाव आणि चेहरा झाकून. क्लिपच्या आधी स्वतःचं मत लिहायचं, "मॅडम, हे काय आहे?" एवढ्याला मी उत्तर देत नाही. आणि शीर बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा प्रोब लावून संगम पाहायचा. गुठळी संगमापर्यंतच थांबली असेल तर पहिला वर्ग; खोल शिरेत डोकावून निम्म्याहून कमी जागा अडवली तर दुसरा, निम्म्याहून जास्त तर तिसरा, पूर्ण बंद तर चौथा. दुसऱ्या वर्गापासून पुढे मला फोन करायचा, दिवस असो वा रात्र. पण पोटरी टणक सुजली, श्वास लागला, छातीत दुखतंय असा पेशंटच्या घरून निरोप आला तर मला विचारण्यात वेळ घालवायचा नाही. १०८ बोलवायची, मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं, सोबत नकाशाचा कागद आणि कोणतं औषध किती दिलं त्याची चिठ्ठी द्यायची. ती चिठ्ठी केसच्या दिवशीच लिहून फाईलच्या पहिल्या पानाला टाचलेली असावी, कारण रात्री दोनला फाईल शोधायला दवाखान्यात सिस्टर नसते, वॉचमन असतो.